पाठ फिरवून उभे राहिलात तेव्हा

मामा,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, मांडव उतरला, मागून आणलेली पातेली ज्याच्या त्याच्या घरी गेली. आज मी उठले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एवढी झोपले. उठल्यावर वाईट वाटेल असं धरून चालले होते, पण वाटलं ते हलकं. हे मी घरात कुणाला सांगू शकत नाही. सुतकात सुनेचा चेहरा सैल दिसला तरी बायका एकमेकींकडं बघतात. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ते नुसतं बघूनच ओळखलं असतंत.

सेवेतून सुटले म्हणून हलकं वाटलं असं समजू नका. तुमचा जीव सुटला याचं थोडं आहे. शेवटचे दोन महिने तुमच्या श्वासाची शिट्टी ऐकून माझाच जीव वर-खाली व्हायचा. पण खरं कारण निराळं आहे. तुम्हाला जे विचारायचं होतं ते मी तुम्ही असताना विचारलं. विचारलं नसतं तर आज तुमच्या फोटोला हार घालताना मनात अढी असती, आणि ती चुकीची आहे हे मला कधीच कळलं नसतं.

तुमच्याशी इतकं सलग मी कधी बोलले नाही. कडा या बाजारगावाहून दोन कोसांवरच्या या गावात सून म्हणून आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, अंबाजोगाईत वाढलेली, बारावी झालेली. आल्या दिवशीच आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बजावलं, "मामांच्या म्होरं पदर कपाळाच्या वर जाऊ द्यायचा न्हाई, आन् बोलायचं तर न्हाईच. काय लागलं तर मला सांग, मी त्यांला सांगते." सासऱ्याशी सुनेनं बोलायचं नाही, ही या घरातली जुनी रीत. मला ती आधी गंमतच वाटली. चार दिवसांनी कळलं की गंमत नाही, आता आयुष्यभर हेच आहे.

मग मी तुमचे आवाज ओळखायला लागले. फाटकात एकदा खोकलात की तुम्ही एकटे, दोनदा खोकलात की सोबत कुणीतरी आहे, चहाचं आधण वाढवायचं. चपला उंबऱ्याशी जोडीनं काढल्यात की दूध संस्थेत सगळं ठीक. एक चप्पल उताणी पडली की त्या दिवशी कुणाशी तरी वाजलेलं. जेवताना नको म्हणायला तुम्ही ताटावर हात आडवा धरायचात. पण पोटात जागा असली की तो हात ताटापासून वीतभर वर असायचा. हे आत्याबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्या हात बघून थांबायच्या. मी आतून अर्धी भाकरी पाठवायचे आणि ती संपायची.

तुम्हीही माझ्याशी बोलायचात, पण माझं नाव न घेता, हवेला सांगितल्यासारखं. एकदा आत्याबाई शेतात गेल्या होत्या. मी गोठ्यात शेण काढत होते, तुम्ही ओसरीवर. मधे कुडाची भिंत. तुम्ही तिकडून विचारलंत, "म्हशीनं वैरण कावून टाकली?" घरात तिसरं माणूस नव्हतं. उत्तर तर द्यायलाच हवं होतं. मी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "गोदे, कडब्याला बुरशी आलीया म्हणून टाकलीस न्हवं? सांग की मग." मग तुमचा आवाज आला, "गोदे, तिला म्हणाव वरल्या गंजीतली पेंढी सोड." त्या दिवसापासून आपलं बोलणं गोदीमार्फत चाललं. पाणी किती दिवस पुरेल, कुणाच्या लग्नाला कोण जाणार, रुतुजाला ताप आहे, सगळं गोदीला सांगितलं जायचं. मला तुमचा चेहरा दिसायचा नाही, तुम्हाला माझा नाही, आणि तरी बरं चाललं होतं.

ते बंद मी केलं. तुम्हाला ते जाणवलं होतं, हे पुढं कळलं.

रुतुजा चार वर्षांची होती. तुम्ही दूध संस्थेचे चेअरमन. दुधातलं फॅट मोजणारा माणूस काम सोडून गेला म्हणून तुम्ही काळजीत होतात. शाळेतले गुरुजी ओसरीवर आले आणि म्हणाले, "चेअरमन, तुमच्या घरातच बारावी शास्त्र शिकलेली सून हाय. बाहेर कावून शोधताय?" मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी. कप बशीवर वाजू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरले. मला ते काम हवं होतं, मामा. चुलीपुढून रोज दोन तास उठायला मिळावं, शिकलेलं काही हाताला लागावं, एवढंच. तुम्ही काही बोलला नाहीत. दाराकडं एकदा बघितलंत, उठलात, अंगणात गेलात आणि घराकडं पाठ करून, हात मागं बांधून उभे राहिलात. बराच वेळ. चहा निवला. गुरुजी अवघडून निघून गेले. मग तुम्ही चपला घातल्यात आणि संस्थेकडं गेलात.

माझ्या माहेरी वडील रागावले की पाठ फिरवायचे. एक शब्द बोलायचे नाहीत, नुसती पाठ. ती दिसली की आम्ही बहिणी समजून जायचो की आता विषय संपला. मी तुमच्या पाठीचा तोच अर्थ लावला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वाडीचा एक माणूस त्या कामावर आला. मी ताटात तुम्हाला कधी कमी पडू दिलं नाही, पण गोदीशी बोलणं सोडलं. तुम्ही ओसरीवरून काही विचारलंत तर मी आत्याबाई येईपर्यंत गप्प बसायचे. पुढं गोदी म्हातारी झाली, गेली. तिच्या जागी दुसरी म्हैस आली. तिच्यामार्फत आपण एक शब्द बोललो नाही.

अशी दहा वर्षं गेली आणि मग तुमच्या गळ्याचं दुखणं निघालं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. तुमचा तो फाटकातला खोकलाही गेला.

घरी आणल्यावर सगळे तुमच्याशी ओरडून बोलायला लागले, जणू कान गेलेत. तुमचा मुलगा, आमचे हे, यांना तुमचं काही कळेना. तुम्ही हात हलवायचात, हे विचारायचे, "पाणी? चहा? पडायचंय?" तुम्ही आणखी जोरात हात हलवायचात, हे आणखी जोरात विचारायचे. शेवटी दोघंही तोंड फिरवून बसायचात. कुणीतरी पाटी आणली. तुम्हाला सही येत होती, तेवढीच. पाटीवर तुम्ही तीनदा सही केलीत, यांच्यासमोर धरलीत आणि भिंतीवर आपटलीत.

एका सकाळी असंच चाललं होतं. मी दाराआडून बघत होते. तुमची बोटं छातीपाशी भुरभुर हलत होती आणि नजर पुन्हा पुन्हा माझ्या दाराकडं यायची. आधी वाटलं मलाच बघताय. मग ध्यानात आलं की माझ्या पलीकडं परसात कडबाकुट्टी चालली आहे. मी म्हणाले, "अहो, कुट्टीचा धुराळा त्यांच्या गळ्यात चाललाय. दार लावा की."

यांनी दार लावलं. तुमचे खांदे एकदम खाली आले. खोलीत सगळे माझ्याकडं बघत राहिले. तुम्हीही.

आत्याबाईच मला पुढं घेऊन आल्या. "जा बाई, तूच बस त्यांच्यापाशी," म्हणाल्या. आणि मग हळूच, "मला ते समदं बोलून दाखवायचे. बघायची येळच आली न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलायची बंदी त्यांनीच घातली होती, म्हणून मला त्या दिवशी त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. मी तुमच्या खाटेजवळ खाली बसले, पदर नाकापर्यंत. तुम्ही स्वतःच्या कपाळावरून हात मागं नेलात, दोनदा. पदर मागं घे. मी घेतला. तुमचे डोळे घारे आहेत, हे मला लग्नानंतर सोळा वर्षांनी कळलं.

त्याच्या पुढच्या साली पाऊस झालाच नाही. टँकरच्या वेळेवर गाव उठायचं आणि झोपायचं. जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, संस्थेच्या कॅन रिकाम्या परत जायच्या. उपाध्यक्ष बाबुरावांचं म्हणणं पडलं की संस्था बंद करावी आणि जे काही दूध उरलंय ते बाहेरच्या एका दूधवाल्याला द्यावं. तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी तुम्ही गाईच्या पाठीवरून हात फिरवायचात, मग संस्थेकडं बोट करायचात आणि मूठ घट्ट आवळायचात. जनावरं जगवायची. संस्थेनं छावणी घालायची, संस्था सोडायची नाही.

मीटिंग संस्थेच्या शेडमधे होती. गळ्याचं फडकं बदलायला कुणीतरी हवं म्हणून मी दारापाशी बसले. वारा सुटला होता, माती उडत होती. बाबुराव बरंच बोलले आणि शेवटी तुमच्याकडं वळले. "चेअरमन, मग बंदच करायची, बरोबर हाय ना?" तेवढ्यात तुम्हाला ठसका आला. हात गळ्याशी गेला, मान दोनदा खाली गेली. मागं बसलेल्यांना नुसती मान दिसली.

"झालं. अध्यक्षांनी मान हलवली. लिव्हा, ठराव मंजूर."

सेक्रेटरीनं पेन टेकवलं. मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. "लिहू नका," मी म्हणाले. "मामा हो म्हणाले न्हाईत. ठसका आलाय त्यांला."

बाबुराव म्हणाले, "सूनबाई, ही संस्थेची सभा हाय. तुमी मधी बोलू नका."

तुम्ही टेबलावर तळहात आपटलात. एकदाच. मग माझ्याकडं बोट केलंत आणि खुर्ची फिरवून सगळ्या सभेसमोर माझ्याकडं तोंड करून बसलात. तुमचे हात चालत होते आणि मी बोलत होते. "मामा म्हणतायत, दूध आटलं तर पाऊस पडल्यावर परत येईल. संस्था गेली तर परत येणार न्हाई. मामा म्हणतायत, छावणीला जागा आमच्या रानातली घ्या." शेवटच्या वाक्याला मी थांबले, कारण ते मलाही नवीन होतं. तुम्ही पुन्हा तीच खूण केलीत, छातीवर हात, मग आपल्या रानाकडं बोट. मी पुन्हा तेच सांगितलं.

ठराव झाला नाही. छावणी झाली. सभा उठल्यावर बाबुराव माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मला खरंच हो दिसलं, पोरी." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दोन म्हशी त्याच महिन्यात बाजारात विकून झाल्या होत्या. थकलेला माणूस. त्यांना हो हवं होतं, म्हणून हो दिसलं. घरी येताना हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मीसुद्धा एका पाठीत जे दिसेल म्हणून भ्यायले होते, तेच बघितलं नसेल कशावरून?

विचारायला मला दोन महिने लागले. छावणीत दुपारी वैरण टाकून झाली होती, जनावरं रवंथ करत होती, तुम्ही कापडी छताखाली बाजेवर बसला होतात. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघायच्या ऐवजी खाली बसले. म्हणाले, "मामा, एक विचारू? गुरुजींनी माझं नाव काढलं तेव्हा तुमी पाठ फिरवली. मला काम द्यायचं नव्हतं, ते नव्हतं. पण कावून, तेवढं सांगा."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. कपाळावर आठ्या पडल्या, मग गेल्या. बाजेवरून उठलात. मला वाटलं पुन्हा तेच. तुम्ही चार पावलं गेलात, माझ्याकडं पाठ केलीत, हात मागं बांधलेत. अगदी तसेच उभे. मग एक हात सोडवून कानामागं धरलात आणि तळहात वाडग्यासारखा केलात. तसेच थांबलात. मान जराशी तिरकी, मागून काही येतंय का ऐकणाऱ्यासारखी. किती वेळ थांबलात तुम्ही. मग वळलात आणि दोन्ही रिकामे हात माझ्यापुढं पसरलेत.

मला लगेच कळलं आणि विश्वास बसेना. मी म्हणाले, "मी बोलावं म्हणून?"

तुम्ही मान हलवलीत. ठसका नव्हता.

सुनेकडं तोंड असलं की ती बोलणार नाही, म्हणून तुम्ही पाठ केली होतीत. कुडाची भिंत तिथं नव्हती, तर तुम्ही स्वतः भिंत झालात, तिनं मागून काही म्हणावं म्हणून. आणि मागून काहीच आलं नाही. तुम्ही समजलात, सुनेला नको आहे, जुलूम कशाला. मी तुमचा नकार घेऊन बसले, तुम्ही माझा. मधे फक्त निवलेला चहा होता.

आधी मला रडू आलं. मग तुम्ही हसायला लागलात. तुमच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसता गळ्यातून वारा फुसफुसत यायचा, आणि त्यानं शेजारची गाय दचकून उभी राहिली. तेव्हा मीही हसले. छावणीतली माणसं बघत होती. सासरा आणि सून समोरासमोर बसून हसतायत, असं या गावानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं असेल.

पाऊस आला, दूध वाढलं, फॅटच्या मशीनपाशी मी बसले. आज संस्थेची सेक्रेटरी आहे. ते सगळं तुम्ही बघितलंत.

आता एक कबूल करायचं आहे. रुतुजा अठराची झाली तेव्हा पाहुणे स्थळ घेऊन आले. चांगलं होतं. हे तयार होते, आत्याबाई तयार होत्या. रुतुजाला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं होतं. सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हात उताणा करून हळू हलवलात, म्हणजे बघू, घाई काय आहे. मला तो स्वच्छ दिसला. आणि मी म्हणाले, "मामा म्हणतायत, पोरगी शिकू द्या."

तुम्ही झटकन माझ्याकडं बघितलंत. पाहुण्यांसमोर काही केलं नाहीत. चेअरमनचा शब्द म्हणून विषय तिथंच थांबला. रात्र झाली, सकाळ झाली, आणि मग तुम्ही माझ्याशी भांडलात. बोट माझ्या तोंडाकडं, मग तुमच्या छातीकडं, मग दोन्ही हात तोडल्यासारखे. तुझं तोंड, माझा शब्द नव्हे. मी म्हणाले, "पण तुमी न्हाई तरी कुठं म्हणाला होता?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. आवाज नसलेल्या माणसानं डोळे मिटले की पुढं काही बोलता येत नाही. चार दिवस तुम्ही मला बघितलं नाहीत. पाचव्या दिवशी रुतुजाची बॅग भरायला तुम्हीच तुमची ट्रंक रिकामी करून दिलीत. पण मी बरोबर केलं असं तुम्ही कधी दाखवलं नाहीत, आणि चुकले असं मी कधी म्हटलं नाही. रुतुजा शिकतेय याचं मला समाधान आहे. पण मामा, तुमच्या शब्दावर मी माझं वाक्य चढवलं. ज्याच्याकडं आवाज नाही त्याच्याशी असं करू नये. त्याची माफी राहिली होती. ती मागते.

आणि म्हणूनच तुम्ही गेलात त्या दुपारचं सांगायला हवं. तुम्ही झोपेतच गेलात. मी शेजारी होते. खूण नाही, नजर नाही, काही नाही. श्वास लांब लांब होत थांबला. लोक जमले आणि जो येईल तो मलाच विचारू लागला, "शेवटी काय म्हणाले?" इतकी वर्षं तुमचं बोलणं माझ्या तोंडून ऐकायची त्यांना सवय. मी प्रत्येकाला सांगितलं, "काही म्हणाले न्हाईत. झोपले होते." एका-दोघांचं तोंड उतरलं, पण माझा जीव निवांत होता.

सगळ्यात अवघड गेलं ते दहाव्याच्या संध्याकाळी. हे माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ नखानं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "मंदा, खरं सांग. आधी कधी, माझ्याविषयी... काही म्हणले व्हते का?"

तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना काय हवं होतं. एक वाक्य. ते माझ्या ओठांवर तयारही झालं होतं. मी बोलले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता आणि आयुष्यभर ते जपलं असतं.

मी म्हणाले, "शब्दात म्हणले न्हाईत. पण एक बघितलंय मी. रोज संध्याकाळी तुमची मोटारसायकल वळणावर वाजली की ते पाय आवरून घ्यायचे. खाटेवर एका माणसाची जागा करायचे. तुमी यायचे आन् खुर्ची ओढून बसायचे. मग ते पुन्हा पाय लांब करायचे."

"रोज?"

"रोज. तुमी आत येईस्तोवर ते आवरून बसलेले असायचे, म्हणून तुमाला दिसलं न्हाई. मी तुमाला कधी सांगितलं न्हाई, माझंबी चुकलं."

ते उठले, तुमच्या खोलीत गेले. गादी तर आम्ही काढून टाकली होती, नुसती सुतळीची खाट होती. ते काठावर टेकले, मग थोडे आत सरकले आणि नीट बसले. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकाला लागले.